आमचा समाचार

वयाच्या साठाव्या वर्षी माणसानं काय करावं, याविषयी शास्त्र आणि शेजारी यांचं फारसं दुमत नाही. शास्त्र म्हणतं वनात जा, शेजारी म्हणतात नातवाला शाळेत सोडायला जा. दोन्हींत घराबाहेर पडणं आलंच. मीही घराबाहेर पडलो, पण तो पत्रकारितेचं एम.ए. करायला. त्यामुळे पिपरी मेघेतल्या आमच्या लेआउटात जी खळबळ उडाली, तिची बातमी करायला मात्र एकही पत्रकार फिरकला नाही.

पिपरी मेघे कुठं आलं हे आधी सांगितलं पाहिजे, कारण हे सांगण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. वर्धा शहराच्या अंगाला चिकटून आमचं गाव आहे. इतकं चिकटून, की वर्धा कुठं संपलं आणि पिपरी कुठं लागली हे घरपट्टीची पावती पाहिल्याशिवाय कळत नाही. जनगणनेवाल्यांनी आम्हाला नगरात धरलं, कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे लग्न जमवताना आम्ही शहरातले आणि कर भरताना खेड्यातले. वर्ध्याभोवती सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे अशी मेघ्यांची गावंच गावं आहेत. बाहेरगावचा माणूस पत्ता उतरवून घेताना हमखास विचारतो, "मेघे म्हणजे घरमालक का?" त्यातून कोणी पिपरीवर एक अनुस्वार जास्तीचा दिला, की पत्र पुण्याजवळच्या पिंपरीची हवा खायला निघालंच. एका टिंबापायी अर्धा महाराष्ट्र पाहून आलेली पत्रं मी या हातानं वाटली आहेत.

होय, मी पोस्टातला माणूस. छत्तीस वर्षं. पण ही नोकरी मी धरली नव्हती, वडिलांनी मला धरून तिच्यात बसवलं होतं.

1973 साली बी.ए. झालो तेव्हा माझ्या डोक्यात पत्रकार व्हायचं होतं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग होता. 1950 च्या दशकात रोलंड वूल्सले नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकानं तो सुरू करून दिला, हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि वडिलांवर छाप पाडायला तेवढं पुरेल असं मला वाटलं होतं. वडील खादीधारी. रोज सकाळी सूत कातायचे. त्यांनी चरखा न थांबवता विचारलं, "गांधीजी कोणत्या कॉलेजात शिकले होते बातम्या लिहायला?"

वर्ध्याच्या मुलाचं हे एक दुखणं असतं. कुठल्याही वादात समोरचा गांधीजींना उभं करतो आणि आपण हरतो. 1933 साली पुण्यात 'हरिजन' काढला तेव्हा त्यांच्यामागं बॅरिस्टरीचं शिक्षण होतं, पत्रकारितेचं नव्हतं, हे खरंच होतं. बरं, गांधीजींना बाजूला ठेवावं तर विनोबा पुढे येतात. त्यांनी 1923 मध्ये 'महाराष्ट्र-धर्म' काढला, तोही पदवीशिवाय. अहो, देशातल्या विद्यापीठात पत्रकारितेचा पहिला विभागच 1941 साली लाहोरला निघाला. तोपर्यंत जांभेकर काय, टिळक काय, सगळे या अर्थानं अशिक्षितच. पण ही माहिती मला एम.ए.ला कळली. तेव्हा कळली असती तरी ती वडिलांच्याच बाजूला गेली असती.

वडिलांचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड होता. ते म्हणाले, "बातम्या लिहून पोट भरत नाही, बातम्या वाटून भरते. पोस्टाची परीक्षा दे." मी दिली आणि 1976 साली चिकटलो. पुढं छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, मासिकं मी शिक्के मारून वाटली. शेवटच्या वर्षांत नोंदणी झालेल्या वृत्तपत्राला पन्नास ग्रॅमपर्यंत पंचवीस पैशांचं तिकीट होतं. 2011 च्या जूनअखेर सरकारनं पंचवीस पैशांचं नाणंच बंद केलं, तरी वृत्तपत्राचा दर पंचवीस पैसेच राहिला. ज्या वस्तूचं नाणंही चलनात नाही, ती वाटण्यात माझा जन्म गेला, असं मी एकदा घरी म्हणालो. आमची ही म्हणाली, "पगार तर चलनातच आणत होते न जी?"

2012 साली निवृत्त झालो आणि महिनाभरानं जेवताना जाहीर केलं, "मी पत्रकारितेचं शिक्षण घेतो आहे."

"काऊन जी? काय कमी पडून राह्यलं?"

"हौस."

"हौस असन तर भाजी आणत जा," ती म्हणाली आणि विषय संपवला. पण मी अर्ज भरला होता.

आमच्या गावाजवळच्या टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. 1975 च्या जानेवारीत नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, तिथं वर्ध्यात असं विद्यापीठ व्हावं अशी मागणी झाली. संसदेचा कायदा व्हायला 1996 साल लागलं आणि 1997 मध्ये विद्यापीठ अस्तित्वात आलं. बावीस वर्षं. मला याचा मोठा धीर आला. माझा ठराव 1973 चा, प्रवेश 2012 चा. सरकारला बावीस वर्षं लागतात तिथं एका पोस्टाच्या कारकुनाला एकोणचाळीस म्हणजे काही उशीर नव्हे. शिवाय त्या विद्यापीठाचं टपालही 'हिंदी विश्वविद्यालय, गांधी हिल्स' या पत्त्यावर जातं. ज्या जागेचा पत्ता असा आटोपशीर असतो तिथं माझ्यासारख्याचं मन लगेच रमतं.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात शिरलो तशी सगळी मुलं उभी राहिली. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हे सर नव्हेत. दहा मिनिटांनी खरे सर आले. वय तीस-बत्तीस. त्यांनी मला पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "जी, आप किससे मिलने आए हैं?"

"सर, आपसेच," मी म्हणालो.

हा 'आपसेच' हाच माझ्या हिंदीचा नमुना. वर्ध्याचा माणूस आपल्याला हिंदी येतं असं धरूनच जन्माला येतो. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून आमच्याच गावात; परिचय झाला, कोविद झाला, घराघरात प्रमाणपत्रं भिंतीवर. मीही कोविद. पण खरी गोष्ट अशी आहे, की आम्ही मराठी बोलतो ते हिंदीच्या चालीवर, 'करून राहिलो, जाऊन राहिलो', आणि हिंदी बोलतो ते मराठीच्या. दोन्ही भाषांना आम्ही सारखंच वागवतो. वर्गात बिहारची, उत्तर प्रदेशची मुलं. त्यांचं हिंदी म्हणजे धाम नदीचा पूर. मी आपला काठावर धोतर सावरत उभा.

आणि मग ती फसवी भाऊबंदकी. दोन भाषांत एकच शब्द, एकच स्पेलिंग, आणि अर्थ पाहावा तर एकाचा काशीला, एकाचा पंढरीला. पहिल्याच आठवड्यात मी एक लेख लिहून दिला. तो परत आला तेव्हा खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'अच्छी चेष्टा है.' माझं डोकं फिरलं. साठ वर्षांच्या माणसाचा लेख आवडला नाही तर नाही म्हणा, पण चेष्टा? घरी येऊन हिला दाखवला. ती म्हणाली, "पाहा, मास्तरच्याही लक्षात आलं." दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मुलानं सांगितलं, "अंकल, चेष्टा मतलब प्रयास." म्हणजे सरांनी माझ्या प्रयत्नाचं कौतुक केलं होतं. मी हे घरी सांगितलं नाही; ज्या अर्थानं वाक्य तिला पटलं होतं त्या अर्थानंच राहू दिलं.

असेच एकेक. 'वार्ता विफल' अशी मथळ्याची ओळ फळ्यावर पाहून मला वाटलं, बातमी फसली. ती निघाली वाटाघाटींविषयी. 'यातायात' शिकवायला घेतलं तेव्हा मला वाटलं सर आता स्वतःच्या नोकरीविषयी बोलणार, तर ते रस्त्यावरच्या वाहनांविषयी बोलू लागले. 'शिक्षा'ची तर गोष्टच सोडा. "मी शिक्षा घेण्यासाठी टेकडीवर जातो," असं मी शेजारच्या काकांना हिंदीच्या भरात सांगून बसलो आणि काकांनी सहानुभूतीनं विचारलं, "किती वर्षांची?" मी म्हणालो, "दोन." पण सगळ्यात जिव्हाळ्याचा शब्द म्हणजे 'समाचार'. आमच्या अभ्यासक्रमात समाचार-लेखन होतं, समाचार-संकलन होतं, समाचार-संपादन होतं. मराठीत समाचार फक्त घेतला जातो, आणि तो कसा घ्यायचा याचं शिक्षण विवाहित माणसाला घरबसल्या, बिनफी मिळतं.

मुलं मात्र गोड. कोणी अंकलजी म्हणे, कोणी दादाजी. एकानं तर मला आल्या आल्या वाकून नमस्कार करून नोट्स मागितल्या. मी त्यांना गोरस भांडारातला गोरसपाक नेऊन देत असे, ती मला संगणकावर मराठी कसं टाइप करायचं ते शिकवत. परीक्षेच्या आधी ग्रंथालयात बसायचो तेव्हा दर अर्ध्या तासानं कोणीतरी येऊन विचारायचं, "अंकलजी, पानी?" माझ्या स्वतःच्या मुलांनी मला इतकं पाणी आजवर विचारलेलं नाही.

आता शिक्षणाविषयी. बातमी कशी लिहावी याचा पहिला धडा म्हणजे उलटा पिरॅमिड. सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात आधी, त्याहून कमी महत्त्वाचं नंतर, आणि फालतू ते शेवटी. म्हणजे जागा कमी पडली तर संपादकानं खालून कापावं. हे ऐकलं आणि मला एकदम आमचं घर आठवलं. आमची ही लग्नाहून आली की वृत्तांत सांगते. सुरुवात होते बसमध्ये जागा कशी मिळाली इथपासून. मग कोणाचं पातळ, मग वरणात मीठ कसं नव्हतं, मग वरमाईचा चेहरा, आणि तासाभरानं, आपण झोपेला आलो असताना, कळतं, की नवरदेवच आला नव्हता. हा सुलटा पिरॅमिड. यात खालून काही कापता येत नाही. पूर्ण ऐकावंच लागतं. मी तिला नव्या पद्धतीनं सांगायला सुचवलं. ती म्हणाली, "मंग तुम्ही पुढचं ऐकसान काऊन?" पत्रकारितेच्या कुठल्याही पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही.

पुस्तकांत या पिरॅमिडचं एक कारण तारयंत्र देतात. तार महाग, आणि मध्येच कधी तुटेल याचा नेम नाही. म्हणून मुद्द्याचं ते आधी पाठवून मोकळं व्हायचं. सर हे सांगत होते आणि मी शेवटच्या बाकावर ताठ बसलो. कारण आता विषय माझा होता. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी तारेच्या खिडकीवर होतो. लोकांचे शब्द मोजणं हे माझं काम. आईच्या मरणाची तार घेऊन आलेला माणूस समोर रडतो आहे आणि मी पेन्सिलीनं टिंबं देत म्हणतो आहे, "'ताबडतोब' आणि 'लगेच' दोन्ही कशाला? एक काढा, पैसे वाचतील." मराठीचा तारेला एक फायदाच होता. विभक्ती शब्दाला चिकटलेली. इंग्रजीत दोन-तीन शब्द लागायचे तिथं 'नागपूरहून' एका शब्दात काम भागवतो. सरांनी पहिल्या सत्रात मला शब्द कापायला शिकवलं, पण छत्तीस वर्षांपूर्वी हे काम मी पगार घेऊन करत होतो.

आणि त्या खिडकीवर रोज संध्याकाळी भाऊ यायचा.

भाऊ म्हणजे माझा वर्गमित्र आणि नागपूरच्या एका मराठी दैनिकाचा वर्ध्याचा वार्ताहर. दैनिकाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. जे मला व्हायचं होतं ते तो झाला होता, आणि त्याच्याकडे पाहून वडिलांचं म्हणणं किती बरोबर होतं हे मला रोज पटत होतं. छापून आलेल्या ओळींवर पैसे. सायकल स्वतःची, टायर स्वतःचं, आणि बातमीवर नाव? 'आमच्या वार्ताहराकडून'. बस्स. साध्या बातम्या तो पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा, ताज्या असल्या तर तार. त्याच्याजवळ प्रेस-तारेचं अधिकारपत्र होतं. पैसे पेपरच्या खात्यावर जायचे. तरी तो शब्द असे वाचवायचा जणू स्वतःच्या खिशातले आहेत. मी मोजायचो, तो पाहायचा, आणि मग दोघं समोरच्या टपरीवर अर्धा-अर्धा चहा.

नोव्हेंबर 1982. विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि आमच्या वर्ध्याकडे सगळ्या देशाचं तोंड वळलं. दिल्लीचे, मुंबईचे, कुठकुठले पत्रकार. कॅमेरे, टॅक्सी. माझ्या खिडकीपुढे जन्मात पाहिली नव्हती एवढी रांग. भाऊ तर पवनारलाच राहायला गेल्यासारखा. सकाळी सायकलनं जायचा, दिवसभर धामच्या काठावर, आश्रमाच्या आवारात, कोण आलं, कोण रडलं, कोणाला आत सोडलं, प्रार्थनेला किती जण होते, सगळं टिपायचा. नागपूरच्या संपादकांनी त्याला निरोप दिला होता, की हे काम नीट केलंस तर डेस्कवर घेतो. पगारी नोकरी.

15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, विनोबा गेले. मी सांगतो आहे ती त्याच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. भाऊनं सहा वाजता तार आणून दिली. एरवीपेक्षा लांब. पण वाचायला अशी, की मी मोजता मोजता मोजणं विसरलो. पावती फाडून दिली, तो सायकलवर बसून परत पवनारला गेला. त्याच्यामागं एक मोठे पत्रकार उभे होते. सूट, चष्मा, इंग्रजी. मला 'पोस्टमास्टर साहेब' म्हणाले. मी तेव्हा कारकून होतो. ते साहेब म्हणाले, सिगरेट पुढं केली, आणि त्यांची चार पानी इंग्रजी तार मी आधी आत दिली. त्यांच्यामागं आणखी एक तसेच. त्यांचीही आधी दिली. भाऊ काय, आपलाच, त्याची जाईलच. कामाच्या घाईत ती खाली, वरती चहाचा पेला. रात्री अकराला टेबल आवरताना पेला उचलला तर खाली भाऊची तार. ओला गोल उमटलेला.

ती लगेच पाठवली. पण नागपूरला पान केव्हाच लागून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊच्या पेपरात वृत्तसंस्थेची बातमी छापून आली. तीच सगळीकडे होती. आणि डेस्कवर दुसरं कोणीतरी लागलं. भाऊनं मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो नेहमीसारखा येत राहिला, मी मोजत राहिलो, अर्धा-अर्धा चहा चालू राहिला. पुढं फॅक्स आला, फोन सोपा झाला, तारेची खिडकी सुनी पडली. भाऊ शेवटपर्यंत ओळींवरच राहिला. म्हातारपणी त्याच्याजवळ काय होतं? सायकल आणि कात्रणांचा एक ट्रंक.

2013 च्या जूनमध्ये बातमी आली, की तारसेवा 15 जुलैपासून बंद. हिंदुस्थानात पहिली तारेची लाइन 1850 मध्ये कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यात पडली होती. म्हणजे एकशे त्रेसष्ट वर्षांचा संसार. सरांनी मला बोलावून घेतलं. "अंकलजी, यह आपका विषय है. वृत्तांत लिखिए. आठ सौ शब्द. और हाँ, एक स्रोत भी चाहिए, जिसने तार से समाचार भेजे हों."

स्रोत तर पिपरीतच होता, माझ्या घरापासून चार गल्ल्या. मी भाऊला म्हणालो, चल, शेवटच्या दिवशी नागपूरला तारघरात जाऊ. 14 जुलै, रविवार. पावसातच गाडीनं गेलो. तिथं ही गर्दी. ज्यांनी जन्मात तार केली नव्हती अशी कॉलेजची मुलं फॉर्म भरत होती, एकमेकांना तारा पाठवत होती, फॉर्मसोबत फोटो काढत होती. भाऊ म्हणाला, "एवढे लोक रोज आले असते तर बंद काऊन पडली असती बे?"

रांगेत तासभर उभं राहायचं होतं. माझ्या हातात वही, पेन. मुलाखत सुरू केली. कधीपासून, किती तारा, सगळ्यात आठवणीतली कोणती. तो म्हणाला, "बऱ्याच आहेत." मी वही मिटली. म्हटलं, आज नाही सांगितलं तर हे यंत्रही उद्या नाही आणि आपलंही काही सांगता येत नाही. मग मी सांगायला लागलो. पण कसं? त्या दिवशी गर्दी किती होती, माझी बदली नुकतीच कशी झाली होती, घरी दिवाळीचं सामान कसं आणायचं होतं, दुसरा कारकून कसा रजेवर होता, वरचा बल्ब कसा गेला होता...

"अबे, इंट्रो कुठं आहे?" भाऊ म्हणाला. "एम.ए. करून राह्यला न तू?"

मग मी एका वाक्यात सांगितलं. तुझी तेराची तार माझ्यामुळे राहिली. पेल्याखाली.

रांग एक पाऊल पुढं सरकली. आम्हीही सरकलो.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"पावती होती न माझ्याजवळ. सहा वाजून दहा. आन् नागपुरात किती वाजता पोचली ते डेस्कवाल्यानं तारेवरच पाहून सांगितलं. पत्रकार कोण होता आपल्या दोघांत?"

"मग विचारलं नाहीस तीस वर्षं?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असता. मंग दुसऱ्या दिवशी तार कोणाजवळ देऊ?" थोडा थांबून म्हणाला, "वर्ध्यात खिडकी एकच होती."

मी विचारू नये ते विचारलं. "नोकरी गेली ना तुझी?"

"गेली," भाऊ म्हणाला. त्यानं ते मऊ करून सांगितलं नाही आणि मला बरंही वाटू दिलं नाही. मग आमचा नंबर आला. त्यानं फॉर्म घेतला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं आणि खिडकीत दिला. मी सवयीनं शब्द मोजायला वाकलो, तर म्हणाला, "तू हट. तुझी नोकरी संपली आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेकडीवरून आलो तर आमची ही ओसरीवर डोळे पुसत बसलेली, शेजारच्या दोघी तिच्या बाजूला, हातात न उघडलेली तार. आमच्या पिढीत तार म्हणजे कोणीतरी गेलं. दुसरा अर्थच नाही. ती म्हणे माहेरची सगळी म्हातारी माणसं एकेक करून आठवत होती आणि प्रत्येकासाठी थोडं थोडं रडून घेत होती. मी फोडली. पिपरीवर अनुस्वार नव्हता, मेघे बरोबर होतं, पिनकोड बरोबर होता. आत मजकूर, 'उशिरा पोचली तरी चालेल. भाऊ.'

"कोण गेलं जी?"

"कोणी नाही."

"मंग एवढं रडवलं कायले?" असं म्हणून तिनं आमचा जो समाचार घेतला त्याचं संकलन इथं देत नाही.

वृत्तांत मी आठ दिवस लिहिला. एकदा पेल्याशिवाय, एकदा पेल्यासकट. पेल्यासकट दिला. सरांनी वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग तांबडं पेन काढून लिहिलं, 'स्रोत विश्वसनीय है. एक सौ चालीस शब्द अधिक. काटिए.' चेष्टा-बिष्टा काही नाही.

कापायला मी भाऊकडेच गेलो. त्यानं चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि खालून नाही, मधूनमधून कापायला सुरुवात केली. त्याची सायकल, त्याचा प्रामाणिकपणा, त्याची तपश्चर्या, मी मोठ्या कष्टानं हिंदीत बसवलेली सगळी विशेषणं गेली. विनोबांवरचा परिच्छेद राहिला. पेल्याची ओळ आली तेव्हा मी पुढं हात केला. त्यानं तो बाजूला सारला. "हे राहू दे. बातमी हीच आहे."

शेवटी पहिल्या ओळीवर आला. तिथं मी लिहिलं होतं, 'वर्धा के वरिष्ठ पत्रकार'. ते त्यानं पुसलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'हमारे संवाददाता'.

मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मोज आता."